एका दावणीला दोन न्याय

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने गायीला 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा दिला आणि गोशाळांमधल्या गायींसाठी दर गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान देण्याचंही ठरवलं. बातमी वाचताना एक शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटला. हा मान फक्त 'देशी' गायीचा आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या त्यात बसतात. पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी संकलन केंद्रं जिच्या जिवावर चालतात, ती काळीपांढरी होल्स्टीन संकरित गाय त्यात बसत नाही. तिच्या शेजारी बांधलेल्या म्हशीचा तर विषयच निघत नाही. तिघींच्या पुढ्यात कडबा एकच, पेंड एकच, धार काढणारे हातही तेच. पण त्यातली एक राज्याची आई आहे, दुसरी नुसतीच दूध देणारी गाय आहे, आणि तिसरी भाकड झाली की गोठ्यात हेडी येतो, टोपीखाली हात घालून सौदा होतो आणि दुसऱ्या दिवशी तिचं दावं रिकामं असतं.

काही जनावरं घरातली आणि काही जनावरं मालातली, या भेदाची चर्चा सहसा कुत्रा आणि कोंबडी यांच्यावरून होते. सोसायटीतल्या कुत्र्याला हिवाळ्यात स्वेटर चढतो, आणि त्याच्याच जेवणात सहा आठवड्यांची कोंबडी शिजवून घातली जाते. तुलना झणझणीत आहे खरी, पण तिच्यातून पळवाट काढता येते. कुत्रा राखण करतो, हाक मारली की येतो, माणसाचा चेहरा वाचतो; कोंबडीशी तसं नातं जुळत नाही, असं म्हणता येतं. प्राणी वेगळे, त्यांचं काम वेगळं, म्हणून वागणूकही वेगळी. गाय आणि म्हैस शेजारी उभ्या केल्या की ही पळवाट बंद होते. दोघी आपल्याकडे एकाच कामासाठी असतात, एकाच छपराखाली राहतात आणि दोघींचं दूध एकाच टेंपोतून डेअरीत जातं. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त नाव बदललं तर वागणूक किती बदलते, याचा जणू प्रयोगच महाराष्ट्राच्या गोठ्यांत रोज चालू आहे. म्हणून हा प्रश्न तपासायचा असेल तर तो गोठ्यातच तपासावा.

आधी जनावराकडे पाहू. गाय आणि म्हैस जीवशास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या प्रजाती आहेत आणि त्यांचा संकर होत नाही. पण वेदना, भीती, तहान, उन्हाचा त्रास आणि वासराची ओढ यांपैकी एकाही बाबतीत म्हशीला कमी कळतं असं म्हणायला आधार नाही. वासराच्या ओढीच्या बाबतीत तर उलटच दिसतं. पारडू ढुशी देत नाही तोवर म्हैस पान्हा सोडत नाही, ही तिची खोड गोठ्यात काम करणारा कुणीही सांगेल. संकरित गाय यंत्राला चटकन सरावते. म्हशीला पारडू लागतं. पारडू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायची युक्ती माणसाने शोधून काढली, आणि पुढे ऑक्सिटोसिनची सुई आली. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं 12वं कलम दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय करणारे असले उपाय, त्यात सुईही आली, गुन्हा ठरवतं. म्हणजे मातृत्व हाच पूज्य असण्याचा निकष असेल, तर म्हैस मागे पडायला नको होती.

बरं, निकष उपयोगाचा लावून पाहावा. देशातल्या एकूण दुधात म्हशीचा वाटा सुमारे 45 टक्के आहे आणि तिच्या दुधात गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट फॅट असतं. बासुंदी, पेढा, खवा, श्रीखंडाचा चक्का, घरचं कढवलेलं तूप आणि सायीचं दही, ही मराठी जिभेची सगळी चैन मुख्यतः तिच्यावर उभी आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक हातात पेला घेऊन म्हशीच्या शेजारी उभं राहतं आणि धारोष्ण दूध तिथल्या तिथे पितं. मुंबईची दुधाची गरज भागवण्यासाठी शहरातले तबेले हलवून 1949 साली जी आरे कॉलनी उभारायला घेतली, तीही म्हशींसाठी. उपयोगाच्या पोटी कृतज्ञता जन्मते असं म्हणायचं, तर राज्यमातेच्या शर्यतीत म्हैस निदान गायीच्या बरोबरीने धावायला हवी होती.

आता कायदा. राज्यघटनेचा 48वा अनुच्छेद गायी, वासरं आणि 'इतर दुभत्या व कामाच्या' जनावरांची कत्तल थांबवण्याकडे राज्याने पावलं टाकावीत असं सांगतो. दुभतं हा शब्द म्हशीला लागू पडत नाही असं कोण म्हणेल? 1958 साली मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गायींवरची आणि वासरांवरची, त्यात पारडीही आली, पूर्ण बंदी वैध ठरवली. पण म्हैस, वळू आणि बैल उपयोगाचे आहेत तोवरच त्यांना वाचवणं वाजवी आहे, पुढे नाही, असा निवाडा दिला. निदान म्हैस आणि बैल तेव्हा एका रांगेत होते. 2005 साली सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुजरातच्या खटल्यात ही रांग मोडली. म्हातारा बैल निरुपयोगी नसतो, त्याचं शेण आणि मूत्र शेतीला मोलाचं असतं, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा आधार. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1995 साली केलेली दुरुस्ती 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर लागू झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूही कत्तलबंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशीला मात्र आजही दाखल्यावर कापता येतं. ती दुधाच्या, कामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाची उरली नाही, एवढं अधिकाऱ्याने लिहून दिलं की झालं. शेणाचा युक्तिवाद इथे कुणीच करत नाही. म्हशीच्या शेणाच्या गोवऱ्या कमी जळतात, असं निदान मी तरी कुठे वाचलेलं नाही.

मग परंपरेत काही कारण सापडतं का? वरवर पाहता सापडतं. रेडा यमाचं वाहन, महिषासुर देवीचा शत्रू, आणि गाय म्हणजे कामधेनू. आपली भाषाही तसंच शिकवते. सून गरीब गाय असते. आडदांड पोराला रेडा म्हणतात. पावसात उभ्या म्हशीचं शांतपण आपल्याला ढिम्मपण वाटतं. पण जरा खोल गेलं की चित्र बदलतं. महाराष्ट्राच्या शिवारांत शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला आहे, आणि त्याचं नातं म्हैस पाळणाऱ्यांच्या जुन्या देवाशी, खुद्द महिषासुराशी असल्याचं दामोदर धर्मानंद कोसंबींनी मांडलं होतं. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी वेद वदवले ते रेड्याच्या तोंडून, आणि त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. त्या कथेचा रोखच असा, की ज्याला तुम्ही सगळ्यांत मठ्ठ आणि हीन समजता त्याच्यातही तोच आत्मा आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी म्हशींना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालून त्यांची मिरवणूक काढतात. परंपरेने म्हशीला एकाच खणात कधी बंद केलं नव्हतं. बळीही दिला आणि समाधीही बांधली. तिला आजच्यासारखं सरळ मालाच्या खात्यात टाकायला परंपरेपेक्षा बाजाराची आणि कायद्याची मदत जास्त झाली.

बाजाराचा हिशेब समजून घेतल्याशिवाय हा भेद इतका घट्ट का, ते कळत नाही. म्हैस दूध देते ती व्यायल्यावर, आणि व्याली की निम्म्या वेळा नर होतो. वगार झाली तर घरात समाधान. रेडकू झालं तर खरवस वाटला जातो, पण त्या रेडकाच्या वाट्याला दूध मोजूनमापून येतं, कारण प्रत्येक लिटर संकलन केंद्रावर फॅट लावून विकायचं असतं. नांगर आणि गाडी ट्रॅक्टरने घेतली, पैदाशीसाठी रेतनाची कांडी आली. रेड्याला काम उरलं नाही. 2019च्या पशुगणनेत देशात सुमारे 10 कोटी म्हशींमागे जेमतेम 93 लाख रेडे मोजले गेले. निसर्गाने जवळजवळ सारखे जन्माला घातलेले नर आणि मादी गणनेच्या दिवसापर्यंत दहाला एक झाले. बाकीचे कुठे गेले? काही उपासमारीने मेले, काही बाजाराच्या वाटेने गेले. भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगातल्या अग्रगण्य देशांपैकी एक आहे, वर्षाला सुमारे 12 ते 13 लाख टन माल बाहेर जातो, आणि त्यात भाकड म्हशींचाही मोठा वाटा आहे. मांस न खाणाऱ्या घराला हे वाचून अवघडल्यासारखं होईल, पण त्या घरातलं तूप आणि ती निर्यात एकाच गोठ्याची दोन दारं आहेत. एका दाराने दूध बाहेर पडतं आणि दुसऱ्या दाराने दूध न देणारं जनावर.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा सांगतो. गायीला आई आणि म्हशीला माल म्हणणं हे दोन स्वतंत्र निर्णय नाहीत. एक दुसऱ्यावर टेकलेला आहे. गोठ्याचं अर्थकारण चालण्यासाठी निरुपयोगी जनावराला बाहेर जायला वाट लागते. गायीच्या बाबतीत ती वाट कायद्याने बंद केली, आणि दुधाचा धंदा म्हशीवर तगून राहिला, कारण तिच्या बाबतीत वाट उघडी आहे. आपल्या श्रद्धेची किंमत अशी शेजारच्या खुंट्यावरून वसूल होते. कुत्रा आणि कोंबडी यांच्यातही हेच घडतं, फक्त तिथे अंतर जास्त असल्याने दिसत नाही. लाडक्याच्या वाडग्यात जे पडतं ते नावडत्याकडून येतं. ज्याला नाव आहे त्याच्यावर सगळी माया खर्च झाली की ज्याचा फक्त भाव आहे त्याच्याविषयी आपल्याला काही वाटेनासं होतं, आणि तरीही आपण प्राणिप्रेमी आहोत हा समज शाबूत राहतो.

याहून चमत्कारिक गोष्ट ही, की आई म्हटल्याने गायीचंही धड भलं झालेलं नाही. 2012 ते 2019 या दोन गणनांच्या दरम्यान देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली. एका बाजूला बंदीचे कायदे, आणि दुसऱ्या बाजूला खोंड, गोऱ्हे झपाट्याने कमी होत आहेत. संकरित गायीच्या खोंडाला वशिंड नसतं, जू नीट बसत नाही, उन्हात तो टिकत नाही. विकावा तर गिऱ्हाईक नाही आणि पोसावा तर दूध नाही. मग रात्रीत तो दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडला जातो किंवा त्याला धारेवरून लवकर तोडलं जातं. हल्ली नव्वद टक्के कालवडीच जन्माव्यात अशी लिंगनिश्चित रेतमात्रा सरकारी अनुदानावर मिळते. नकोसा जीव जन्मालाच येऊ नये, हा उपाय मला कत्तल आणि उपासमार या दोन्हींहून सरस वाटतो; पण तो नकोसा आहे याची कबुलीही त्यात आहेच. शहरात तर राज्यमाता कचराकुंडीशी उभी राहून प्लास्टिकच्या पिशव्या खाते. सुरीपासून तिला कायदा वाचवतो. भुकेपासून, पिशवीपासून आणि टळटळीत उन्हातल्या डांबरापासून वाचवायला कुठलाच दर्जा येत नाही.

याचं कारण कायद्याच्या रचनेतच आहे. गोवंशाच्या हत्येला पाच वर्षांपर्यंत कैद. पण कोणत्याही जनावराला, मग ती गाय का असेना, मारहाण केली, उपाशी ठेवलं, आखूड दाव्याने जखडलं, तर 1960च्या कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 आणि कमाल 50 रुपये. बस थांब्यावरचे दोन वडापावही त्यात नीट येत नाहीत. हा आकडा वाढवण्याचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या 325व्या कलमात जनावर मारण्याला किंवा लुळंपांगळं करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्ह्याचा प्रकार आहे 'आगळीक', म्हणजे मालमत्तेची हानी. तिथे मोजलं जातं ते मालकाचं नुकसान. थोडक्यात, आपला कायदा जनावर कोणतं आणि कुणाचं हे फार बारकाईने विचारतो, आणि त्याचं काय केलं हे ओझरतं विचारतो.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा येतो, की नैतिकता म्हणजे सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणं नव्हे. आपण स्वतःच्या मुलाला परक्या मुलापेक्षा जास्त जपतो आणि ते चुकीचं मानत नाही. घरच्या कुत्र्यावर, दारच्या गायीवर जास्त जीव लावला तर त्यात गैर काय? काहीच नाही. मायेला पक्षपात असतोच, किंबहुना पक्षपात नसेल तर ती माया कसली. पण या तत्त्वाची एक बाजू आपण सोयीने विसरतो. आपल्या लेकराच्या ताटात तूप जास्त वाढावं, म्हणून शेजारच्याच्या ताटात माती घालायची मुभा मिळत नाही. नात्यामुळे कर्तव्य वाढतं. नातं नसल्यामुळे कर्तव्य शून्यावर येत नाही. गायीला अधिक देण्याला माझी हरकत नाही. म्हशीला ज्या कमीत कमी गोष्टी द्यायला हव्यात, त्या ती 'आपली' नाही म्हणून काढून घेण्याला आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. गायीविषयीची भावना कोट्यवधींच्या मनात आहे, ती युक्तिवादाने तोलायची वस्तू नाही. मान्य. पण श्रद्धा जेव्हा अनुदानाचा दर आणि तुरुंगाची वर्षं ठरवते, तेव्हा तिला प्रश्न विचारणं हा नागरिकाचा हक्क आहे. सावरकरांनी तर गायीला देवता मानण्याऐवजी उपयुक्त पशू माना आणि तिची नीट निगा राखा, असं दशकांपूर्वी सांगितलं. त्यांना श्रद्धेचा शत्रू ठरवणं पुष्कळांना जड जाईल. आणि श्रद्धावंताला माझा प्रश्न साधा आहे. सर्वांभूती एकच चैतन्य हे खरं असेल, तर ते दाव्याच्या दुसऱ्या टोकाशी पोचताना कुठे अडतं?

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि त्याच्यापुढे मी सगळ्यांत जपून बोलतो. तो म्हणेल, तुम्ही शहरात बसून नीती सांगता. भाकड जनावराला दिवसाला किती वैरण लागते ते येऊन पाहा. त्याचं बरोबर आहे. म्हातारं जनावर विकता आलं तर त्या पैशात पुढची वगार येते. ही विक्री म्हणजे त्याचा विमा आहे. म्हशीलाही सरसकट बंदी लागू करा, असं मी म्हणत नाही याचं कारण हेच. तसं केलं तर गोवंशाच्या नरांचं जे झालं तेच म्हशींचं होईल, आणि ओझं पुन्हा दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या माणसावर पडेल. पण मारायचं की नाही हा एकच प्रश्न नसतो. पारडाला पोटभर दूध मिळालं का, बाजाराला नेताना टेंपोत किती कोंबली, वाटेत पाणी पाजलं का, डोळ्यांत मिरची घातली का, मरताना किती वेळ लागला, या प्रश्नांची उत्तरं द्यायला फार पैसा लागत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे नियम 1978 पासून आहेत. त्यांची अंमलबजावणी मात्र बहुतेक वेळा गाडीत गाय आहे की म्हैस हे पाहून सुरू होते. गाय असली तर जमाव जमतो. म्हैस असली तर पावती पाहून फाटक उघडतं, मग आत त्या एकमेकींवर कोसळून पडलेल्या का असेनात.

चौथा आक्षेप थंड डोक्याचा आहे. एवढी सुसंगती हवी तर सगळीच जनावरं माल माना, गायही, कुत्राही. तर्कात हे बसतं, हे कबूल केलं पाहिजे. पण ते खुद्द मालाच्या व्यवहारालाही पेलत नाही. पाळीव कुत्र्याच्या बाजारात नेमकं हेच झालं आहे. चपट्या नाकाचा पग गोड दिसतो म्हणून पिढ्यान्पिढ्या तसाच पैदा केला, आणि आता त्याला धड श्वास घेता येत नाही. तो मांडीवर आहे, त्याला नाव आहे, वाढदिवसाला केक आहे. तरी त्याचं शरीर गिऱ्हाइकाच्या आवडीने घडवलं आहे. पाळीव आणि उत्पादन ही दोन वेगळी घरं आहेत असं आपण मानतो, पण पग दोन्ही घरांत राहतो. पिंजऱ्यात अंडी देणारी कोंबडी, जिच्या वाट्याला छपाईच्या कागदाएवढीही जागा येत नाही, आणि हा पग, यांच्यात प्रश्न एकच आहे: या जिवाला उभं राहता येतं का, पंख पसरता येतात का, श्वास घेता येतो का? हा प्रश्न जनावराचं नाव न विचारता विचारता येतो. विधी आयोगाने 2017 साली आपल्या 269व्या अहवालात कोंबड्यांच्या राहण्याबद्दल आणि वाहतुकीबद्दल तो विचारला होता. कोंबडी कुणाची आई नसल्याने त्यावर मोर्चे निघाले नाहीत.

ऑक्टोबर 2024 मध्ये देशाची 21वी पशुगणना सुरू झाली. प्रगणकांनी दारोदार जाऊन जात विचारली, नर की मादी विचारलं, वय विचारलं. देशी गायींचा आकडा निघाला की कदाचित राज्यमातेच्या योजनांत भर पडेल. म्हशींपुढे रेडे किती उरले, तेही त्यातच कळेल. गणना मात्र जिवंत जनावरांची होते. मागच्या वेताचं रेडकू कुठे गेलं, यासाठी तक्त्यात रकाना नसतो.